बेतवेकाठचे ओरछा

मुंबईहून अथवा पुण्याहून दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याचशा भोपाळ मागे टाकून झाशीवरून जातात. मराठी प्रवासी कितीही पेंगुळलेला असला तरी त्या स्थानकावर खिडकीतून एकदा बाहेर डोकावतोच. स्थानकाला आता राणी लक्ष्मीबाईंचेच नाव दिलेले आहे. मुलांना उठवून ती पाटी दाखविली जाते, राणीविषयी दोन शब्द सांगितले जातात, आणि गाडी ग्वाल्हेरच्या दिशेने निघते. या स्थानकापासून अवघ्या १६-१७ किलोमीटरांवर बेतवा नदीच्या काठी ओरछा नावाचे एक लहानसे गाव आहे. ज्या गावाच्या राजाने झाशीचा किल्ला बांधला, ज्या गावची माणसे नेऊन झाशी शहर वसविण्यात आले, आणि ज्या गावच्या फौजेने १८५७ साली राणीच्या झाशीवर चाल केली, ते हे गाव. झाशीच्या इतिहासात त्याची तीनदा गाठ पडते, आणि तिन्ही वेळा मराठी वाचक त्याला ओलांडून पुढे जातो.

अलीकडे ओरछ्याला जाणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. परंतु त्यांतील पुष्कळसे जातात ते इतिहासासाठी नव्हे, नदीसाठी. बेतवा येथे बुंदेलखंडाच्या कणखर ग्रॅनाइट खडकांतून वाट काढते. एका प्रवाहाचे दोन होतात, मध्ये बेटे राहतात, बेटांवर झाडी माजते, आणि पाणी कधी खडकांच्या फटीतून उसळत तर कधी डोहात निवांत पसरून पुढे जाते. पावसाळा ओसरला की रबरी तराफ्यांतून या उसळत्या पाण्यावरून जाण्याची मौज तरुण मंडळी लुटतात. नदीपलीकडे सुमारे ४५ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य आहे. १९९४ साली ते राखीव झाले. तेथे सायकलीवरून हिंडणारे, पक्षी पाहणारे, नुसतेच एखाद्या शिळेवर पाय पाण्यात सोडून बसणारे, असे नाना परींचे लोक भेटतात. अलीकडच्या आणि पलीकडच्या काठांना जोडणारा जुना ठेंगणा पूल महापुरात पाण्याखाली जातो, आणि तेवढ्यापुरते ते अरण्य पुन्हा एकटे पडते.

ही नदी म्हणजे प्राचीनांची वेत्रवती. कालिदासाच्या यक्षाने मेघाला विदिशेजवळ हिचेच पाणी पिऊन पुढे जाण्यास सांगितले होते. भोपाळच्या बाजूच्या विंध्याच्या डोंगराळ प्रदेशात ती उगम पावते आणि उत्तर प्रदेशात हमीरपूरजवळ यमुनेला मिळते. ओरछ्याच्या वरच्या अंगाला १९५८ साली माताटीला धरण झाले. तेव्हापासून नदीचे येथले पाणी केवळ पावसाच्या मर्जीवर राहिलेले नाही. परंतु ज्या खडकांना पाहण्यासाठी आज प्रवासी येतात, त्याच खडकांनी चारशे-पाचशे वर्षांपूर्वी एका राजाचे मन वेधून घेतले होते. सौंदर्याचा विचार त्याच्या मनात कितपत होता, हे सांगण्याची जरूर नाही. नदीच्या दोन फाट्यांमध्ये सापडलेली ही उंच खडकाळ जागा म्हणजे निसर्गाने तयार करून ठेवलेला किल्लाच होता, आणि भोवतालच्या दाट जंगलात अनोळखी फौजेला वाट सापडणे कठीण होते.

हा राजा म्हणजे बुंदेला रुद्रप्रताप. त्याच्या पूर्वजांची राजधानी गढकुंडार येथे होती. दिल्लीला लोदींचा अंमल संपून बाबराचा झाला होता, बाबरही १५३० साली वारला होता, आणि त्या धांदलीत लहानमोठ्या राजांना हातपाय पसरण्यास अवसर मिळाला होता. १५३१ साली रुद्रप्रतापाने ओरछ्याचा पाया घातला. त्याच वर्षी तो मरण पावला. वाघाच्या तावडीतून गाय सोडविताना त्याला मृत्यू आला अशी कथा आहे. पुढचे काम त्याच्या मुलाने, भारतीचंदाने, पुरे केले. कोट उभा राहिला, वाडे उठले, आणि बेटाला गावाशी जोडणारा कमानींचा पूल झाला. आजही किल्ल्यात शिरावयाचे तर त्या पुलावरूनच जावे लागते.

भारतीचंदानंतर त्याचा भाऊ मधुकरशाह १५५४ मध्ये गादीवर आला. त्याची बरीचशी कारकीर्द अकबराच्या सरदारांशी झुंजण्यात, हरण्यात, पुन्हा उठण्यात आणि शेवटी तडजोड करण्यात गेली. परंतु ओरछ्याच्या लोकांना त्याच्या लढायांपेक्षा त्याच्या घरातले भांडण अधिक आठवते. राजा कृष्णभक्त होता आणि राणी गणेशकुंवरी रामभक्त. राजा वृंदावनास चल म्हणाला, राणी अयोध्येचे नाव घेऊन बसली. रागाच्या भरात राजाने सांगितले की, एवढी भक्ती असेल तर तुझ्या रामाला येथे घेऊनच ये. राणी अयोध्येस गेली, शरयूच्या काठी तिने तप केले, आणि अखेर निराश होऊन ती नदीत उडी टाकते तो मूर्ती तिच्या हाती आली. रामाने तीन अटी घातल्या असे सांगतात. प्रवास पुष्य नक्षत्रावरच आणि पायी व्हावा. मूर्ती जेथे प्रथम ठेवली जाईल तेथून ती हलणार नाही. आणि ज्या गावी ती जाईल त्या गावचा राजा रामच असेल. राणी ओरछ्याला पोहोचली तेव्हा मूर्तीसाठी बांधावयास घेतलेले भव्य चतुर्भुज मंदिर पुरे झालेले नव्हते. म्हणून मूर्ती तात्पुरती राणीच्या महालात ठेवली गेली. मंदिर पुरे झाल्यावर ती उचलू लागले, तो ती जागची हलेना.

कथेचे हे असे. परंतु कथेचा पुरावा म्हणून दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत, त्यांचा उलगडा इतर कोणत्याही रीतीने सहज होत नाही. एकीकडे चतुर्भुज मंदिर आहे: उंच जोत्यावर उभारलेले, आकाशात घुसलेल्या शिखराचे, आत पाऊल टाकताच मान वर करावयास लावणारे, आणि ज्याच्यासाठी ते बांधले त्याच्याविना राहिलेले. दुसरीकडे रामराजा मंदिर आहे. ते पाहताच हे मंदिर नसून कोणाचा तरी वाडा आहे हे कळते. शिखर ठळक नाही, गर्भगृहाची परंपरागत रचना नाही. चौक, सोपे, दिवाणखाना आहे. रामाला येथे राजा म्हणून मान आहे. आरतीच्या वेळी मध्य प्रदेश पोलिसांचा सशस्त्र शिपाई दररोज त्याला सलामी देतो, प्रसादात विडा मिळतो, आणि ओरछ्याच्या हद्दीत दुसऱ्या कोणालाही सलामी दिली जात नाही असे गावकरी अभिमानाने सांगतात. पंढरीच्या विठ्ठलाला ‘पंढरीचा राणा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला देवाचे राजेपण नवे नाही. परंतु येथे ते केवळ अभंगात नाही, पोलिसांच्या रोजच्या कामात आहे. या राजेपणाचे खरे महत्त्व पुढे दोनशे वर्षांनी दिसून आले. त्याचा उल्लेख यथाक्रम येईलच.

मधुकरशाहाच्या मुलांत वीरसिंह हा सर्वांत महत्त्वाकांक्षी. वडिलांच्या मागे १५९२ मध्ये थोरला रामशाह गादीवर बसला, आणि वीरसिंहाच्या वाट्याला बडोनीची लहानशी जहागीर आली. एवढ्यावर त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. त्याने आजूबाजूची ठाणी बळकावण्यास आरंभ केला; बादशहाच्या फौजा त्याच्या मागे लागल्या. त्याच सुमारास अकबराचा मुलगा सलीम हा बापाविरुद्ध उठून अलाहाबादेस स्वतंत्र दरबार भरवून बसला होता. दोन असंतुष्ट पुरुष, एक तक्ताचा वारस आणि एक डोंगरी जहागीरदार, एकमेकांना उपयोगी पडण्यासारखे होते.

या वेळी अकबराचा परम विश्वासू मंत्री, ‘अकबरनामा’ आणि ‘आइने अकबरी’ या ग्रंथांचा कर्ता अबुल फजल, दक्षिणेत होता. चांदबिबीच्या अंतानंतर १६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला होता, पुढे असीरगड पडला होता, आणि निजामशाहीच्या उरलेल्या मुलखात मोगलांना पाय रोवावयाचे होते. त्या कामात अबुल फजल गुंतलेला असताना, सलीमच्या बंडाने व्यथित झालेल्या बादशहाने त्याला तातडीने आग्र्यास बोलाविले. दक्षिणेतून आग्र्यास जाण्याची वाट बुंदेल्यांच्या मुलखाला लागून होती. सलीमने वीरसिंहाकडे निरोप धाडला. मार्ग बदलावा, बरोबर अधिक स्वार घ्यावेत, असे अबुल फजलला वाटेत सुचविण्यात आले होते. त्याने ते मानले नाही. १६०२ च्या ऑगस्टात ग्वाल्हेरजवळ आंतरीच्या परिसरात वीरसिंहाने त्याला गाठले. अबुल फजल लढता लढता पडला. त्याचे शिर अलाहाबादेस सलीमकडे पाठविण्यात आले. धडाला आंतरी येथे मूठमाती मिळाली. ती कबर आजही तेथे आहे.

या घटनेत तर्काला जागा ठेवलेली नाही, कारण ज्याने ती करविली त्यानेच ती लिहून ठेवली आहे. जहांगीर नावाने बादशहा झाल्यावर सलीमने आत्मवृत्त लिहिले. अबुल फजल दरबारात पोहोचला तर बापलेकांतील फूट वाढेल असे आपल्याला वाटले, वीरसिंहाचा मुलूख त्याच्या वाटेवर होता, आणि म्हणून त्याला कृपेचे आश्वासन देऊन हे काम सांगितले, असे तो त्यात सरळ नमूद करतो. पश्चात्तापाचा सूर त्या मजकुरात शोधूनही सापडत नाही. अकबर मात्र या वार्तेने खचला. त्याने वीरसिंहाचा पाठलाग करण्यासाठी फौजांमागून फौजा धाडल्या. एरच येथे तो वेढ्यात सापडला, तेथून रात्री निसटला, आणि नंतर रानोमाळ हिंडत राहिला. १६०५ च्या ऑक्टोबरात अकबर वारला, आणि फरारी वीरसिंहाचे दैव एका रात्रीत पालटले. नव्या बादशहाने त्याला तीन हजारांची मनसब दिली, ओरछ्याची गादी दिली, आणि थोरल्या भावाला तिच्यावरून बाजूस सारले.

ओरछ्यातील सर्वांत देखणी इमारत या उपकारफेडीच्या काळातील आहे. जहांगीर महाल चौरस आहे, तीन मजली आहे, कोपऱ्यांना बुरूज आणि माथ्यावर घुमट आहेत. परंतु त्याचे सौंदर्य मोठेपणात नाही, हलकेपणात आहे. दगडी हत्तींच्या आधारावर पुढे झुकलेले छज्जे, जाळीदार झरोके, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर नेणारे अरुंद जिने, आणि कोणत्याही खिडकीशी उभे राहिले तरी खाली वळसा घेत जाणारी नदी. हिंदू राजवाडा आणि मोगल रंगमहाल यांचा एवढा सहज मेळ फार थोड्या ठिकाणी दिसतो. बादशहाच्या स्वागतासाठी हा महाल बांधला आणि तो येथे एकच रात्र राहिला, असे वाटाडे सांगतात. ते ऐकून पाहुणे वीरसिंहाच्या आतिथ्याचे कौतुक करतात. कौतुक करण्यास हरकत नाही. परंतु या पाहुणचाराची किंमत आंतरीच्या रस्त्यावर एका विद्वानाच्या रक्ताने चुकती झाली होती, हे वाटाड्यांनी एका वाक्यात सांगितले तर बरे होईल. महाल त्यामुळे कमी सुंदर दिसणार नाही.

वीरसिंह हा बांधकामाचा मोठा शोकी होता. दतियाचा सात मजली राजवाडा त्याचाच. मथुरेस त्याने केशवदेवाचे प्रचंड मंदिर बांधले. त्याला ३३ लाख रुपये लागले असे त्या काळी म्हणत. ते मंदिर पुढे १६७० मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले. १६१३ साली ओरछ्यापासून जवळच्या एका टेकडीवर त्याने एक किल्ला बांधला. तोच झाशीचा किल्ला. एकाच मुहूर्तावर त्याने ५२ इमारतींचे पाये घातले अशीही आख्यायिका आहे. बावन्न ही संख्या लोककथांना फार आवडते, तेव्हा ती मोजून पाहण्याचे कारण नाही. वीरसिंह आणि जहांगीर हे दोघेही १६२७ या एकाच वर्षी वारले.

त्या दरबाराचा कवी केशवदास याच्यावाचून ओरछ्याची हकिकत पुरी होणार नाही. ‘रसिकप्रिया’ १५९१ मध्ये आणि ‘कविप्रिया’ व ‘रामचंद्रिका’ १६०१ मध्ये लिहून त्याने ब्रजभाषेतील रीतिकाव्याची घडी बसविली. ‘कविप्रिया’ हा ग्रंथ त्याने रामशाहाचा भाऊ इंद्रजित याच्या दरबारातील प्रवीणराय या गायिकेला काव्यशास्त्र शिकविण्यासाठी रचला. तिचा दुमजली टुमदार महाल बागेसह आजही दाखविला जातो. ‘रामचंद्रिका’ लिहिली जात होती त्याच्या दोनच वर्षे आधी, १५९९ मध्ये, पैठणला एकनाथमहाराजांनी ‘भावार्थरामायण’ अपुरे ठेवून देह ठेवला होता. एक रामकथा गोदेकाठी बायाबापड्यांसाठी ओवीत उतरत होती, दुसरी बेतवेकाठी जाणकारांसाठी पदोपदी वृत्ते पालटीत सजत होती. दोन्हींची तुलना करून एकीला कमी लेखणे बरोबर नव्हे. श्रोतेच निराळे होते. केशवदासाचा आश्रयदाता इंद्रजित हा हरलेल्या बाजूचा. भावाभावांच्या झगड्यात वीरसिंह जिंकल्यावर कवीलाही नवा धनी पाहावा लागला. १६०७ मध्ये त्याने ‘वीरसिंहदेवचरित’ लिहिले आणि ते दान व लोभ यांच्या संवादातून सांगितले. कथा कोणाच्या मुखातून सांगावयाची याची कवीने केलेली ही निवड पाहिली की त्याच्या मनात काय चालले असेल, असा विचार वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

लोकांनी मात्र वीरसिंहाला देव केले नाही. देव केले ते त्याच्या धाकट्या मुलाला, हरदौलाला. वीरसिंहानंतर जुझारसिंह राजा झाला. आपल्या राणीचा आणि धाकट्या भावाचा संबंध निर्मळ नाही, असे कोणीतरी त्याच्या कानात भरले. त्याने राणीला सांगितले की, निष्पाप असशील तर तुझ्या हाताने हरदौलाला विष वाढ. मातेसारख्या मानलेल्या वहिनीच्या डोळ्यांतले पाणी पाहून हरदौलाला सर्व उमगले, आणि तिच्यावरचा डाग पुसला जावा म्हणून जाणूनबुजून त्याने ते अन्न खाल्ले. पुढे त्याच्या बहिणीच्या मुलीचे लग्न निघाले. मामाने आणावयाचा आहेर घेऊन मेलेला हरदौल मंडपात आला अशी श्रद्धा आहे. बुंदेलखंडात आजही लग्नाचे पहिले निमंत्रण लाला हरदौलाला जाते. त्याचे चौथरे गावोगाव आहेत. प्रेमचंदांनी या विषयावर एक कथाही लिहिली आहे. महाराष्ट्रात अंतरपाट धरला जातो तेव्हा मुलीच्या पाठीशी मामा उभा असतो. त्यामुळे मेलेल्या मामाने लग्न साधले, हे सांगितल्यावर कोणत्याही मराठी बाईला या देवाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

जुझारसिंहाचा शेवट वाईट झाला. त्याने गोंड राजा प्रेमनारायण याला मारून चौरागड घेतला, आणि लुटीतील वाटा शाहजहानाने मागितला तेव्हा दिला नाही. १६३५ मध्ये मोगल फौजा चालून आल्या. त्यांचे नाममात्र नेतृत्व सोळा-सतरा वर्षांच्या औरंगजेबाकडे होते. ओरछा पडले. त्या प्रसंगाचे चित्र शाहजहानाच्या बादशाहनाम्याच्या हस्तलिखितात आहे, आणि ते हस्तलिखित आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. जुझारसिंह रानात पळाला आणि तेथे गोंडांनी त्याला ठार केले. सहा वर्षांनी त्याचा भाऊ पहाडसिंह याला गादी परत मिळाली खरी, परंतु ओरछ्याचे तेज परत आले नाही. बुंदेल्यांच्या पराक्रमाची पुढची धुरा दुसऱ्या शाखेने वाहिली. छत्रसाल हाही रुद्रप्रतापाचाच वंशज.

येथून मराठ्यांचा संबंध सुरू होतो. १७२९ साली जैतपुरास बंगषाच्या कचाट्यात सापडलेल्या छत्रसालास बाजीरावाने सोडविले, आणि त्याने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यास दिला, हे शाळेतील मुलेही जाणतात. पण तो उपकाराचा अध्याय संपल्यावर जे घडले ते शाळेत सांगितले जात नाही. बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय शिरल्यावर ओरछ्याशी त्यांचे बिनसले. १७४२ मध्ये एक निमित्त साधून नारोशंकराने ओरछ्याच्या राज्यावर स्वारी केली, झाशीचा किल्ला आणि आसपासचा मुलूख घेतला, किल्ला वाढविला, आणि त्याच्या पायथ्याशी झाशी शहर वसविले. शहराला माणसे लागतात. ती त्याने ओरछ्याच्या मुलखातून आणली. व्यापारी, कारागीर, बलुतेदार असे एका गावचे संसार उचलून दुसऱ्या गावी मांडले गेले. हा तोच नारोशंकर, ज्याचे रामेश्वराचे देवालय नाशकास गोदावरीच्या पात्रालगत उभे आहे, आणि ज्याच्या मोठ्या घंटेपर्यंत पाणी चढले की नाशिककर पुराची चर्चा करू लागतात. नाशकात त्याचे नाव भक्तीने आणि थोड्या विनोदाने घेतले जाते. ओरछ्याच्या निर्मनुष्य हवेल्यांतून हिंडताना ते नाव आठवले तर त्याचा अर्थ थोडा बदलतो.

तरीही हे सांगितले पाहिजे की, मराठ्यांनी ओरछ्याचा मुलूख तोडला, पण राज्य अंकित केले नाही. बुंदेल्यांच्या राज्यांत पेशव्यांच्या ताबेदारीत न गेलेले हेच काय ते एक. मात्र त्याची राजधानी फार काळ येथे टिकली नाही. १७८३ साली राजा विक्रमाजिताने आपले आसन टेहरी येथे हलविले, आणि किल्ल्यावरून त्या गावाला टीकमगड हे नाव पडले. टीकम हे कृष्णाचे एक नाव. राजा गेला, दरबार गेला, त्यांच्या मागोमाग पोटार्थी लोक गेले. ओरछ्याला राहिला तो एकच राजा. ज्याने मुळीच न हलण्याची अट घातली होती, तो रामराजा राहिला, आणि त्याच्या आधाराने देवळापुढची पेठ राहिली. इतर राजधान्या राजा गेल्यावर नांगराखाली गेल्या किंवा त्यांच्या दगडांची घरे झाली. ओरछ्याचे महाल ओस पडले तरी गाव जिवंत राहिले, आणि गाव गरीब राहिल्यामुळे महाल पाडून नवे बांधण्याचे कोणाच्या मनात आले नाही. आजचा प्रवासी ज्या अस्पर्शित सौंदर्याची वाखाणणी करतो, त्याच्या मुळाशी हे ओसाडपण आहे.

१८५७ मध्ये ओरछ्याने आपला जुना दावा उकरून काढला. गादीवर अल्पवयी हमीरसिंह होता, कारभार लडई राणीच्या हाती होता. झाशीत इंग्रजी सत्ता कोसळताच, झाशी मुळात आमची, असे म्हणून त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात नथेखान फौज घेऊन चालून गेला. लक्ष्मीबाईंनी त्याला परतवून लावले. राणीचा रणांगणावरचा पहिला मोठा विजय इंग्रजांवरचा नव्हे, शेजाऱ्यावरचा होता. लक्ष्मीबाईंच्या चरित्रांत नथेखान खलपुरुष म्हणून येतो, आणि इंग्रजांना धार्जिणे झाल्याबद्दल ओरछ्याला दोषही दिला जातो. तो दोष खोटा नाही. परंतु ११५ वर्षांपूर्वी त्या राज्यातून काय काय उचलून नेले होते, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या स्वारीचा अर्थ लागत नाही. पुढल्या वर्षी राणीच्या साहाय्यास तात्या टोपे धावून आला, तोही या बेतवेच्याच काठावर. १ एप्रिल १८५८ रोजी ह्यू रोजने त्याचा पराभव केला. त्या वेळी वेढ्यात सापडलेल्या झाशीत वरसईचे विष्णुभट गोडसे होते. त्यांनी पाहिलेल्या हकिकतीचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मराठी माणसाच्या मनातली झाशी मुख्यत्वे त्यावरून घडली. ओरछ्याने आपली बाजू पुस्तकात लिहिली नाही. गावाबाहेरच्या टेकडीवरील लक्ष्मीनारायण मंदिराच्या भिंतींवर रामकथेच्या व कृष्णलीलेच्या चित्रांशेजारी गोऱ्या शिपायांची आणि किल्ल्यावरील लढाईची चित्रे मात्र रंगविलेली आहेत.

येथल्या जंगलाने आणखी एकदा इतिहासाला आसरा दिला. १९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर पोलीस मागावर असताना चंद्रशेखर आझाद ओरछ्याजवळ सातार नदीच्या काठी हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने झोपडी बांधून राहिले. मुलांना शिकवीत, झाडीत नेमबाजीचा सराव करीत. रुद्रप्रतापाला जे रान उपयोगी वाटले होते, तेच चारशे वर्षांनी त्यांना उपयोगी पडले. १९४८ मध्ये ओरछा संस्थान विंध्य प्रदेशात विलीन झाले, १९५६ पासून हा भाग मध्य प्रदेशात आहे, आणि २०१८ मध्ये निवाडी जिल्हा वेगळा झाल्यावर ओरछा त्यात आले. २०१९ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्याचे नाव दाखल झाले.

नदीकाठच्या कंचन घाटावर बुंदेला राजांच्या छत्र्या रांगेने उभ्या आहेत. उंच शिखरांच्या त्या समाध्यांची प्रतिबिंबे स्थिर पाण्यात पडतात, आणि ओरछ्याचे जे चित्र सर्वत्र छापले जाते ते येथूनच घेतलेले असते. वीरसिंहाची छत्री या रांगेपासून वेगळी, अगदी पाण्याला लागून आहे. छत्र्यांच्या कोनाड्यांत लांब चोचीच्या गिधाडांची घरटी आहेत. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशभर ही गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. २००६ मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली. राजांच्या समाध्यांनी जी थोडी जगविली, त्यांत ओरछ्याची गणना होते. कड्याऐवजी छत्री मिळाली, तरी पक्ष्यांची तक्रार दिसत नाही.

पहाटे तराफेवाले आपले सामान घेऊन पुलाखाली उतरतात तेव्हा गिधाडे अजून पंख पसरून उन्हाची वाट पाहत बसलेली असतात. दुपारी महालात पाहुण्यांचे आवाज घुमतात. सायंकाळी दिवे लागल्यावर मात्र सर्व गर्दी नदीकडून गावात वळते, जुन्या राणीवशाच्या अंगणात जमते, आणि पडदा उघडण्याची वाट पाहते. पडदा उघडतो. दाराशी उभा असलेला शिपाई बंदूक सरळ धरून सलामी देतो, विड्यांचे तबक फिरू लागते, आणि अंगणापलीकडे चतुर्भुज मंदिराचे शिखर अंधारात हळूहळू दिसेनासे होते.